तीस मीटरचा कॉरिडॉर

[दृश्य : रुग्णालयाचा लांब कॉरिडॉर, दोन्ही टोकांना नारिंगी शंकू]

या शंकूपासून त्या शंकूपर्यंत तीस मीटर. काकांना सांगितलंय, आपल्या चालीनं सहा मिनिटं चाला, दम लागला तर थांबा. घड्याळ मात्र चालूच राहील. हृदयविकाराच्या झटक्यानंतर, म्हणजे अटॅकनंतर, माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं करणाऱ्या पुनर्वसनातली ही चाचणी.

महिन्यापूर्वी याच इमारतीत त्यांच्या हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी स्टेंट (जाळीची बारीक नळी) घालून उघडली. घरी गेल्यापासून त्यांना पाण्याचा तांब्याही कुणी उचलू दिलेला नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या सात ओळी आहेत. हालचालीबद्दल एकच शब्द, ‘आराम’.

[दृश्य : संग्रहातील जुनी छायाचित्रं]

हा आराम येतो कुठून? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अटॅक आला की चार ते सहा आठवडे अंथरूण. कूस बदलायची तरी नर्सच्या हातानं, घासही तिनंच भरवायचा. हृदयाच्या मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण पक्का व्हायला दीड-दोन महिने लागतात, तोवर ताण नको, असा हिशेब. त्यात पाय विसरले गेले. पडून पडून पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फुप्फुसात जायच्या आणि अटॅकमधून वाचलेला माणूस अंथरुणापायी जायचा.

बॉस्टनमध्ये सॅम्युएल लिव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी पहिल्याच आठवड्यात रुग्णांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली. नुसतं बसवलं, तरी रुग्णालयात विरोध झाला! १९५२ मध्ये त्यांनी ८१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. (हेच लाउन पुढे अणुयुद्धाविरुद्ध उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या संघटनेचे एक संस्थापक, तिला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं.)

आणि हे बघा, चाकाच्या खुर्चीतले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर. सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हरला अटॅक आला, ऑक्टोबरात रुग्णालयाच्या गच्चीवर हा फोटो. रात्रीच्या शर्टाच्या खिशावर भरलेलं आहे : ‘बराच बरा आहे, आभार’. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले.

[दृश्य : व्यायामाचा हॉल]

आता आजचा हॉल. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, मग सायकल किंवा पट्ट्यावर चालणं. फिजिओथेरपिस्ट सारखी विचारते, “काका, नाश्त्याला काय होतं आज?” तिला पोह्यांशी घेणं नाही. चालता चालता बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी पडतोय, आणि वाक्य तुटत असेल तर जास्त झालाय. ठोके मोजणाऱ्या मनगटावरच्या घड्याळाचा इथे फारसा उपयोग नाही, कारण मेटोप्रोलॉलसारखी गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. शेवटी वेग हळूहळू उतरवायचा. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं आणि डोळ्यांसमोर अंधारी येते.

हृदयाचा गेलेला स्नायू परत येत नाही. पण पायांचे स्नायू तयार झाले की रक्तातला प्राणवायू ते जास्त चांगला उचलतात, आणि तेवढ्याच कामाला हृदयाला कमी राबावं लागतं. ‘पंपिंग’चा आकडा (दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो) तोच राहूनही माणूस बाजारात जाऊन येतो, तो यामुळे.

व्यायामाला येणाऱ्यांच्या या रांगेत बायका शोधाव्या लागतात. घरी परतल्या की त्यांचा आराम पोळपाटापर्यंतच टिकतो.

[दृश्य : सतरंज्या, श्वसनाचा वर्ग]

यंत्रं नसलेल्या गावाचं काय? भारतात २४ केंद्रांमध्ये सुमारे चार हजार रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला : बारा आठवडे, तेरा वर्ग. २०२० मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू किंवा दुसरा अटॅक टळल्याचं ठामपणे दिसलं नाही. पण माणसं आपल्या जुन्या कामांकडे जास्त चांगली परतली. सतरंजी आणि शिकवणारा माणूस, एवढाच खर्च. तरीही हा वर्ग किती रुग्णालयांत दिसतो?

[दृश्य : गोळ्यांचा डबा]

रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. तंबाखू आणि सिगारेट कायमची बंद.

[दृश्य : जिना. काका कठड्याला हात न लावता चढताहेत]

दोन जिने दम न लागता चढता आले, तर नवरा-बायकोनं जवळ यायलाही सहसा हरकत नसते. हे विचारायला सगळेच लाजतात, म्हणून इथे सांगितलं. खिशात जिभेखालची गोळी आहेच. छातीत दुखलं तर आधी खाली बसायचं, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी ठेवायची. पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर १०८ ला फोन; स्कूटरवर बसून दवाखाना गाठायचा नाही.