ओढ्याचं गढूळ पाणी, उजनीचं हिरवं पाणी

मंडळी, उजनीच्या हिरव्या पाण्याचा विषय निघाला की आपलं बोट पुण्याकडे वळतं. वळू दे. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि ते यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्याच जलाशयात, येऊन साचतं, हे खोटं नाही. पण पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला गढूळ लोंढा येतो ना, तो पुण्याचा नसतो. तो आपल्या शिवारातला असतो. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडच्या भारी काळ्या जमिनीत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घ्यायचा म्हणून पावसाळाभर रान मोकळं ठेवतात, कुळवाच्या पाळ्या घालतात. म्हणजे जोराचा पाऊस पडतो तेव्हाच जमीन उघडी. घळ पडली तर डोळ्यांना दिसते, पण जास्त नुकसान करते ती थरानं होणारी धूप. आणि पाणी निवडून नेतं बरं का! वाळू, खडे मागे राहतात. बारीक चिकण माती आणि सेंद्रिय कण आधी जातात. नेमका यांनाच फॉस्फरस, म्हणजे पिकाचं आणि शेवाळाचंही खाद्य, चिकटून बसलेला असतो. म्हणून वाहून गेलेली माती मागे उरलेल्या मातीपेक्षा कसदार असते.

थोडा हिशोब करू. हेक्टरावरचा एक मिलिमीटर थर म्हणजे जवळजवळ 13 टन माती. किलोमागे अर्धा ग्रॅम फॉस्फरस धरला तर साडेसहा किलो गेला. डीएपी खताच्या 50 किलोच्या पोत्यात मूळ फॉस्फरस असतो साधारण 10 किलो. म्हणजे पाऊण पोत्याला थोडा कमी. आता तळ्याच्या बाजूनं बघा. लिटरमागे तीसेक मायक्रोग्रॅम फॉस्फरस झाला की पाणी शेवाळायला लागतं. वाहून गेलेल्यातला दहावा हिस्साच शेवाळाच्या उपयोगी पडला असं समजा, तरी दोन कोटी लिटर पाण्याला तो पुरतो. शेताला जे चिमूटभर वाटतं, ते तळ्याला अजीर्ण होतं.

नत्राचं वागणं वेगळं. नायट्रेट विरघळतं, मातीच्या पाठीवर बसायची त्याला गरज नाही. ते झिरपून विहिरीतही उतरतं. तो विषय पुन्हा कधीतरी.

धरणात गाळ तळाशी बसला म्हणजे प्रश्न संपला, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. शेवाळ मरून खाली जातं, कुजताना तळाचा प्राणवायू संपवतं. प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटतो आणि पुन्हा पाण्यात येतो. त्यामुळे आज वरून येणारं सगळं थांबवलं तरी जुना गाळ पुढे कित्येक वर्षं शेवाळाला पोसत राहतो.

मग बांध घातले, माती अडवली की झालं? इथे ईरी सरोवराची गोष्ट सांगतो. 1972 मध्ये अमेरिका आणि कॅनडानं करार केला, सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला. पुढे शेतकऱ्यांनी नांगरट सोडून विनानांगरणीची शेती धरली, धूप घटली, सरोवर सुधारलं. पण 1990 च्या दशकाच्या मध्यापासून सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीत विरघळलेला फॉस्फरस वाढू लागला. एक मोठं कारण असं, की न नांगरलेल्या रानात वरवर फेकलेलं खत वरच राहत होतं, पावसात विरघळत होतं आणि जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतून थेट नदीला जात होतं. ऑगस्ट 2014 मध्ये याच सरोवराचं पाणी पिणाऱ्या टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं, आणि ते उकळूनही जात नाही.

म्हणून माझं म्हणणं दुहेरी आहे. उताराला आडवी पेरणी, समतल चर, दुरुस्त केलेले बांध, उसाचं पाचट न जाळता सरीत आच्छादन, हे हवंच. पण खत मूठ भरून विस्कटायचं सोडा. पाभरीनं पेरून बियाण्याच्या खाली, मातीच्या कुशीत द्या. आभाळ भरून आलेलं असताना खत टाकणं म्हणजे ओढ्याला खत घालणं.

मघाशी मागून एकानं विचारलं, उजनीचाच गाळ काढला तर? गाव तलावांचा जरूर काढा. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ त्यासाठीच आहे, आपलीच माती परत आणायची. उजनीचं तसं नाही. 117 टीएमसीच्या धरणात निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे. तो तळ उपसणं गावकीच्या जेसीबीचं काम नव्हे. आणि तलावाचा गाळ शेतात घातलात, तर त्या वर्षी डीएपीचं पोतं उचलण्याआधी मातीचा नमुना तपासून घ्या. कदाचित पोतं लागणारच नाही.