एक माणूस, किती नावं?

(दृश्य : खरी कॉर्नर. चौकातलं कॅमेऱ्याचं स्मारक. भोवती रिक्षा, दुचाक्या, शाळेला निघालेली पोरं.)

निवेदन :
चौकात कॅमेऱ्याचं स्मारक असणं ही कोल्हापूरलाच शोभणारी गोष्ट. हे स्मारक आहे मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या आठवणीचं. घरचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता ते 'पेंटर' झाले, आणि मेस्त्री हे आडनाव मागं पडलं. सरकारदरबारी अर्ज नाही, राजपत्रात जाहिरात नाही. लोक म्हणाले पेंटर, झालं पेंटर.

या शहरात ते नवीन नाही. पेठापेठांतल्या तालमींत टोपणनावाशिवाय माणूस सापडायचा नाही. वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर खरं नाव बारीक अक्षरात आणि टोपणनाव हातभर असतं. पण हाच माणूस मोबाइलवर दुसऱ्या नावानं खातं उघडतो म्हटलं, की कट्ट्यावर भुवया वर जातात. एक माणूस, एक नाव. लपवायचंय काय?

या प्रश्नाचं एक उत्तर 1920 सालात आहे.

(दृश्य : मूकपटांच्या काळातली छायाचित्रं. जुना हातानं फिरवायचा कॅमेरा.)

निवेदन :
त्या वर्षी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. आधी 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नव्हती. ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानं केली. 'सैरंध्री'त मात्र बायका उभ्या राहिल्या. गुलाबबाई आणि अनुसूयाबाई. पडद्यावर त्यांची नावं झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी.

त्या काळी कॅमेऱ्यासमोर उभं राहणाऱ्या बाईला समाज काय म्हणत होता, हे सांगायला नको. नवं नाव म्हणजे कामाचं एक दार आणि घराचं दुसरं दार, दोन्हींच्या मध्ये एक भिंत. पुढंही ही रीत चालू राहिली. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडं आलेली रंगू सुलोचना झाली, आणि उभा महाराष्ट्र तिला त्याच नावानं ओळखू लागला.

गंमत अशी, की ज्या कथेसाठी या दोघींनी नावं बदलली, ती कथाच नाव बदलण्याची. बारा वर्षांच्या वनवासानंतर पांडव विराटनगरीत येतात. युधिष्ठिर होतो कंक, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा. नकुल ग्रंथिक, सहदेव तंतिपाल. द्रौपदी होते सैरंध्री, राणी सुदेष्णेची केशरचना करणारी दासी. वर्षभरात ओळख पटली, तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास. शिवाय आपसांत बोलण्यासाठी पाचही भावांची आणखी एकेक गुप्त नावं : जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. म्हणजे प्रत्येकाची किमान तीन नावं झाली, आणि त्याबद्दल धर्मराजाला कुणी खोटारडा म्हटलं नाही.

पण या कथेचा दुसरा भाग आपण सोयीनं विसरतो. सैरंध्रीच्या मागं कीचक लागतो. भर दरबारात तिला लाथ बसते. धर्मराज समोर बसलेला असतो, आणि तो बोलू शकत नाही. ती दाद मागते, पण द्रौपदी म्हणून मागू शकत नाही. दासीची दाद कोण घेणार? झाकलेलं नाव संरक्षण देतं आणि त्याच वेळी पाठीशी उभी राहणारी माणसंही काढून घेतं. आज एखादी मुलगी नातेवाइकांच्या नजरेपासून लांब, वेगळ्या नावानं कविता टाकते, लावणीचा व्हिडिओ टाकते. तिला घाणेरडे निरोप आले तर तिचीही हीच अडचण होते. तक्रार केली तर नाव उघडं पडतं. म्हणून दुसऱ्या नावाला परवानगी दिली की काम झालं, असं नाही. त्या नावानं तक्रारही करता आली पाहिजे.

(दृश्य : दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा. मागं वाहनांची वर्दळ.)

निवेदन :
त्याच 1920 सालच्या 31 जानेवारीला मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक निघालं. त्यासाठी शाहू महाराजांनी 2,500 रुपये दिले होते. संपादक म्हणून नाव छापलं गेलं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. पण त्यामागचा विचार आणि लेखणी बाबासाहेब आंबेडकरांची. ते तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणजे सरकारी नोकरीत. उघडपणे संपादक होणं शक्य नव्हतं.

दोनच महिन्यांत, 21 आणि 22 मार्चला, कोल्हापूरजवळच्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. बाबासाहेब तिथं अध्यक्ष होते, चारचौघांत, आपल्या नावानं. शाहू महाराजही आले. म्हणजे ज्या लोकांसाठी लिहायचं, त्यांच्यापासून काही लपवलेलं नव्हतं. नाव झाकलं होतं ते फक्त एका दाराशी, जिथं नोकरी अडणार होती. आणि 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' निघालं, तेव्हा संपादक म्हणून त्यांचं स्वतःचं नाव होतं. नाव कधी उघडायचं हे ज्याचं त्यानं ठरवलं. 'लपवायचंय काय' असं 1920 मध्ये कुणी दरडावून विचारलं असतं, तर एक तर नोकरी गेली असती, नाही तर लेखणी.

(दृश्य : बिंदू चौक, संध्याकाळ. मोबाइलवर नजर खिळवलेली माणसं.)

निवेदन :
हे सगळं मान्य करून लोक म्हणतात, पण आज खोट्या नावांमुळं विष पसरतं. पसरतं, खरं आहे. पण खऱ्या नावानंही पसरतंच. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटस तर ज्याच्या त्याच्या मोबाइल नंबराखालीच दिसतं.

दक्षिण कोरियानं हा उपाय कायदा करून पाहिला. 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहायचं, तर आधी खरी ओळख पटवून द्यायची. 2011 मध्ये तिथल्या दोन संकेतस्थळांवरून सुमारे 3.5 कोटी खातेदारांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं एकमतानं तो कायदा रद्द केला. बेकायदा मजकूर त्यानं फारसा कमी झालाच नव्हता.

आपल्याकडचा कायदाही नावं मोजत बसत नाही. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवणूक केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ड लागतं. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. नाव लपवून धमकी दिली, तर भारतीय न्याय संहितेत धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा फसवणुकीचा, धमकीचा. टोपणनावाचा नाही.

(दृश्य : एका सहकारी संस्थेची वार्षिक सभा. सह्यांची वही, रांग, टेबलावरचा माइक.)

निवेदन :
मग दोन नावं नेमकी कुठं चालत नाहीत? हे कोल्हापूरकराला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. दूध संस्था, साखर कारखाना, पतसंस्था. घरटी एक तरी सभासद. 1960 च्या सहकारी संस्था कायद्यानुसार एक सभासद, एक मत. शेअर एक असो की शंभर. आणि निवडणूक आली, की इथं सगळ्यांत पहिला शब्द ऐकू येतो तो 'बोगस सभासद'. त्या यादीत घुसवलेल्या माणसाचं नाव काय, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. एकाच्या हातात दोन मतं गेली, राग त्याचा असतो.

मोबाइलवरचा खरा रोगही तोच. एकच गडी पाच नावं घेतो. पहिल्या नावानं आरोप करतो, दुसऱ्यानं 'अगदी बरोबर' म्हणतो, तिसऱ्यानं पुरावा मागतो, चौथ्यानं तो देतो, पाचव्यानं जमावाला हाक घालतो. वाचणाऱ्याला वाटतं, गाव पेटलंय. पेटलेला असतो एकटाच.

(दृश्य : राजाराम कॉलेज. मोकळा व्हरांडा.)

निवेदन :
याच राजाराम कॉलेजात माधव त्र्यंबक पटवर्धन शिकवत होते. फारसीचे अभ्यासक, 1925 च्या फार्शी-मराठी कोशाचे कर्ते, छंदशास्त्राचे पंडित. आणि प्रेमकविता लिहिणारे माधव जूलियनही तेच. पंडिताचं नाव एक, कवीचं दुसरं. दोन्ही माणसं एकच, हे वाचकाला ठाऊक. दोन नावांची दोन कामं होती. समजा, पटवर्धनांनी त्रयस्थाचा आव आणून माधव जूलियनांच्या संग्रहावर गौरवाचा लेख लिहिला असता, तर? तो बोगस सभासद झाला असता, मग छंदशास्त्र कितीही पक्कं असो.

राम गणेश गडकऱ्यांचंही तसंच. नाटकं गडकऱ्यांची, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोद बाळकरामांचा. तीन दारं, पण तिघे मिळून चौथ्यावर तुटून पडले नाहीत.

(दृश्य : पुन्हा वार्षिक सभा. मागच्या रांगेत उभा राहिलेला एक माणूस. चेहरा दिसत नाही.)

निवेदन :
संस्थेच्या मोबाइल गटावर आता अहवाल येतो, ठरावावर कौलही घेतला जातो. कौल घ्यायचा असेल, तर सभासद क्रमांक मागावा, आणि दोनदा तपासावा. ताळेबंदातल्या एका आकड्याबद्दल कुणी 'पंचगंगा' या नावानं प्रश्न विचारला, तर मात्र क्रमांक मागू नये. प्रश्न विचारणारा कदाचित त्याच संस्थेत पगारावर असेल. अध्यक्षांनी तो आकडा कुठून आला, ते सांगावं.