थांबा की जरा, टोपी घालून येतो

(दृश्य: एसटी स्टँड, सकाळ. चहाची गाडी, पेपरवाला, फलाटाला लागलेली लाल गाडी.)

छोट्या गावात कॅमेरा पिशवीतून बाहेर निघाला, की समोरचा माणूस आधी स्वतःच्या कपड्यांकडे बघतो. मग ठरलेलं वाक्य येतं. "थांबा, शर्ट बदलून येतो." आणि बाहेरून आलेला फोटोग्राफर घाईघाईनं म्हणतो, "नको नको, आहात तसेच छान दिसताय!"

सगळं भांडण इथंच आहे. आपल्याला हवा असतो मळका सदरा, रापलेला चेहरा, कपाळावरच्या आठ्या. त्यांना हवा असतो भिंतीवर लावता येईल, लेकीच्या सासरी दाखवता येईल असा फोटो. चेहरा एकच, पण तो कसा दिसावा हे कुणी ठरवायचं?

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. रंगवलेला पडदा, उंच स्टुलावर फुलदाणी, खुर्चीत ताठ बसलेलं जोडपं.)

ताठ मान, गुडघ्यांवर हात, मिटलेले ओठ. फोटोला असं बसायची रीत फार जुनी. काचेच्या प्लेटांना उजेड टिपायला वेळ लागायचा. मधेच हललं, की चेहरा पुसट. पुढे फिल्म आली, कॅमेरे झटपट झाले, तरी लोक ताठच बसत राहिले, कारण त्या बसण्यात रुबाब होता. ज्याला रुबाबाचा कंटाळा, तो जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या विमानात बसून घ्यायचा.

मध्य प्रदेशात नागदा नावाचं कारखान्याचं गाव आहे. तिथल्या सुहाग स्टुडिओत सुरेश पंजाबी यांनी गावातल्या साध्यासुध्या माणसांचे ढीगभर फोटो काढले. आज अभ्यासक ते कौतुकानं बघतात. फोटोतली माणसं नटूनथटून, मनासारखी ऐट करून उभी आहेत, आणि तरीही, किंवा म्हणूनच म्हणा, ती खरी वाटतात.

(दृश्य: सावंतवाडी, चितार आळी. टांगलेले लाकडी आंबे, केळी, वांगी.)

उलटंही होतं. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं रंगवणाऱ्या एका बाईंना विचारलं, "मावशी, एक फोटो काढू?" त्यांनी ब्रशसुद्धा खाली ठेवला नाही. "माजो कित्याक? ह्या आंब्यांचो काढा." मग आंब्यांचो काढला. नाही म्हणजे नाही. लांबून झूम लावून गुपचूप टिपायची हुशारी काहीजण मिरवतात. मला ती चोरी वाटते.

(दृश्य: मिरज. सतारमेकर गल्ली. दुकानांत टांगलेले वाळके भोपळे.)

आता मिरज. इथली सतार-तंबोऱ्याची कारागिरी एकोणिसाव्या शतकापासूनची. हे काम सुरू करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारी. हत्यारांचे दिवस सरले आणि तोच हात वाद्यांवर बसला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले. १९३७ साली ते गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांचं दफन झालं. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

(दृश्य: एका दुकानाचा उंबरा. आत वयस्कर कारागीर, मांडीवर तंबोरा.)

चाचा जव्हारी काढत होते, म्हणजे तारेचा आवाज भरदार करत होते. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा माथा कानशीनं अगदी नखभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवत न्यायचा. एका जागी तोवर ठणठणणारी तार एकदम भरून बोलते. तेवढ्यापुरते चाचांचे डोळे उघडे असून कुठंच बघत नव्हते. जबडा सैल, मान किंचित कलती.

कॅमेरा दिसताच कानस बाजूला. "थांबा की जरा, टोपी घालून येतो."

आले ते पांढरी टोपी, इस्त्रीचं जाकीट घालूनच. हातातला अर्धवट तंबोरा आत ठेवला, पॉलिश झालेला बाहेर काढला, शेजारी उभा केला आणि भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोखाली उभे राहिले. जागा त्यांनीच निवडली. मी फक्त उंबऱ्यातून बाजूला झालो, म्हणजे गल्लीतला उजेड आत येईल. एका बाजूनं येणारा, पांढऱ्या भिंतीवरून परतणारा तो उजेड, फ्लॅश कशाला हवा?

(दृश्य: दोन फोटो शेजारी शेजारी.)

पन्नासची लेन्स, छिद्र एफ ५.६, म्हणजे मागचंही बऱ्यापैकी स्पष्ट येईल इतपत लहान. माणूस पुढे धारदार आणि मागचं सगळं लोण्यासारखं धूसर, ही फॅशन मला पटत नाही. मागचं पुसलं की मिरज पुसली. ते भोपळे, कानशी, गेलेल्या वडिलांची तसबीर, कॅलेंडर, हे सगळं वाचता आलं पाहिजे. त्यासाठी उजेड थोडा कमी पडला, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावा लागला, दाणे दिसले, तर दिसू देत.

टोपीवाला फोटो आधी काढला. मग चाचा पुन्हा कामाला बसले, कॅमेरा विसरले, आणि दुसरा मिळाला, जव्हारीचा. स्पर्धेला पाठवाल तर दुसऱ्याला बक्षीस मिळेल. मला पहिला जास्त आवडतो. दुसऱ्यात एक कुशल कारागीर आहे. पहिल्यात दुकानाचा मालक आहे, आणि आपली ओळख कशी व्हावी हे त्यानं स्वतः ठरवलंय.

(दृश्य: फोटो लॅब. यंत्रातून बाहेर येणारा प्रिंट.)

"फोटो पाठवतो" म्हणून गेलेल्यांच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. त्यामुळे शक्यतो गाव सोडायच्या आत तिथल्याच लॅबमध्ये आठ बाय बाराचा प्रिंट काढायचा, आणि हो, लॅमिनेशन करून. आपल्याला ती चकाकी आवडो न आवडो. भिंत त्यांची आहे.

संध्याकाळी प्रिंट चाचांच्या हातात दिला. त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला. स्वतःच्या चेहऱ्यावर नजर टिकलीच नाही, ती थेट तंबोऱ्यावर गेली.

"ह्या खुंट्या वाकड्या दिसाय लागल्यात. उद्या या, परत काढू."