पीटी-3 आणि प्रभागातले पाच लाख

(दृश्य: क्षेत्रीय कार्यालयाचा तळमजला, खिडकीपुढची रांग)

नोव्हेंबर 2023. पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील या रांगेत बहुतेकांच्या हाती एकच कागद आहे. तो पीटी-3 या नावाने ओळखला जातो. मिळकतकरातील सवलतीसाठी, आपण आपल्या मालकीच्या घरात स्वतःच राहतो, असे महापालिकेला कळवण्याचा हा अर्ज असून त्यासोबत सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र किंवा गॅस कार्डासारखा रहिवासाचा पुरावा आणि 25 रुपये शुल्क द्यावे लागते. तेव्हा मुदत 15 नोव्हेंबरपर्यंत होती.

(दृश्य: मिळकतकराची जुनी आणि नवी बिले, टेबलावर शेजारी शेजारी)

घरमालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्य (ज्या रकमेवर कर आकारला जातो ती) ठरवताना 40 टक्के सवलत द्यावी, हा निर्णय महापालिकेने 1970 मध्ये घेतला आणि पुढची जवळपास पाच दशके पुणेकरांची बिले त्याच हिशेबाने निघत राहिली. कायद्यात देखभाल-दुरुस्तीसाठी 10 टक्के वजावट असताना येथे 15 टक्के दिली जात होती. या दोन्ही गोष्टींवर लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य शासनाने सवलत रद्द करण्यास सांगितले, आणि एप्रिल 2019 पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण कराची बिले गेली. याशिवाय ज्या घरांत भाडेकरू असल्याचे सर्वेक्षणात नोंदवले गेले, त्यांचीही सवलत काढून घेण्यात आली. त्यांतील अनेक मालक त्याच घरात राहत होते. पुढे फरकाच्या रकमेच्या नोटिसा आल्यावर शहरभर ओरड झाली आणि एप्रिल 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. सवलत परत आली खरी, पण नोंद चुकली महापालिकेची आणि पुरावे गोळा करायचे घरमालकाने, अशी ही तडजोड आहे. अर्जानंतर महापालिकेच्या कर विभागाचा पेठ निरीक्षक घरी येऊन खात्री करणार, ते वेगळेच.

महापालिकेला हा कर सोडवत का नाही, याचे उत्तर उत्पन्नाच्या पानावर आहे. पुण्यातील जकात 2013 मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 2015 मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि 2017 च्या वस्तू व सेवा करानंतर राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहावे लागले. स्वतःच्या हातात उरले ते प्रामुख्याने मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते.

(दृश्य: बैठक, टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला रहिवासी)

या बैठकीत मात्र चर्चा दुसऱ्या अर्जाची आहे. 2006 पासून पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातील कामे सुचवता येतात: पदपथ, पथदिवे, बाके, बसथांबा, अशी पाच लाख रुपयांपर्यंतची छोटी कामे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात येतो, अभियंता खर्चाचा अंदाज काढतो, प्रभाग समिती निवड करते, आणि निवडलेली कामे आयुक्तांच्या अंदाजपत्रकातून स्थायी समितीकडे व तेथून सर्व नगरसेवकांच्या मुख्य सभेकडे जातात. कागदावर ही वाट चांगली आहे, आणि देशात फार थोड्या शहरांनी ती आखली आहे. पण रहिवासी विचारत आहेत की नाकारलेल्या सूचनांची यादी कोठे लागते, आणि कारण कोणी सांगायचे. अधिकारी तांत्रिक व्यवहार्यतेबद्दल बोलतात. जागा महापालिकेच्या ताब्यात नसेल तर काम घेता येत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. परंतु तेवढी एक ओळ अर्जदाराला कळवण्यास काय अडते, हे या बैठकीत कोणी सांगितले नाही.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर ही वाट आणखी आखूड झाली. आयुक्त हेच प्रशासक असल्याने अंदाजपत्रक मांडणारे, स्थायी समितीच्या अधिकारात ते तपासणारे आणि मुख्य सभेच्या अधिकारात मंजूर करणारे अधिकारी एकच होते. नगरसेवक असलेली प्रभाग समितीच उरली नाही, तेव्हा नागरिकांच्या सूचनांची निवड प्रशासनाकडे गेली. निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली.

(दृश्य: समाविष्ट गावातील रस्ता)

याच काळात 2017 आणि 2021 मध्ये हद्दीत आलेल्या गावांनी सुविधांआधी बिले आल्याची तक्रार केली आणि शासनाने तेथील करवसुलीला स्थगिती दिली.

(दृश्य: पुन्हा बैठक)

क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात 2009 मध्येच आली आहे. नगरसेवकाने मतदारांना एकत्र बोलवावे आणि प्रभागातील कामांवर चर्चा करावी, असा तिचा हेतू आहे. आज येथे जमलेल्यांची मागणी नव्या कायद्याची नाही. सूचनांचे अर्ज प्रभाग समितीपुढे जाण्याआधी अशी सभा भरवावी, आणि कोणते काम घेतले, कोणते सोडले व का सोडले, हे त्याच सभेत वाचून दाखवावे, असे त्यांनी लेखी दिले आहे. अधिकाऱ्यांनी ते पत्र स्वीकारून पोच दिली आहे.