गेम येणार कधी?

श्रोतेहो, नमस्कार.

व्हिडिओ गेमच्या जगात सध्या सर्वाधिक चर्चा ज्या गेमची आहे, तो गेम अजून कोणी खेळलेलाच नाही. रॉकस्टार गेम्स या कंपनीचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’, मुलांच्या बोलण्यातला ‘जीटीए सिक्स’, याची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा गेम २०२५ मध्ये येईल असे सांगण्यात आले होते. मे २०२५ मध्ये कंपनीने २६ मे २०२६ ही नवी तारीख दिली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तीही मागे घेऊन १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली. पुन्हा सांगतो, कारण घराघरांतून हीच विचारणा होत असते: १९ नोव्हेंबर २०२६.

या मालिकेतील याआधीचा पाचवा गेम सप्टेंबर २०१३ मध्ये आला होता. तेव्हा बालवाडीत असलेली मुले आता महाविद्यालयात आहेत. नव्या गेमचे कथानक पुन्हा ‘व्हाइस सिटी’ या काल्पनिक शहरात घडणार आहे आणि हे नाव ऐकताच आज तिशी-पस्तिशीत असलेल्या श्रोत्यांचे कान टवकारले असतील, याची मला खात्री आहे. २००२ साली आलेला त्या नावाचा गेम आपल्याकडच्या नेट कॅफेंमध्ये तासाच्या हिशेबाने खेळला गेला. त्यातले पोलीस मागे लागले की कळफलकावर ‘लीव्ह मी अलोन’ ही अक्षरे सलग टाइप करायची, म्हणजे पोलीस पाठलाग सोडून देत, हे ज्ञान इंग्रजी माध्यमात कधीही पाऊल न टाकलेल्या मुलांनाही तोंडपाठ होते. इंग्रजी शिकवण्याच्या नाना पद्धती मी पाहिल्या आहेत. त्यांत ही पद्धत बरीच वरच्या क्रमांकावर ठेवावी लागेल.

असो. आजचा विषय आहे तो या पुढे जाणाऱ्या तारखांचा. मोठा गेम हजारो माणसे वेगवेगळ्या शहरांत बसून वर्षानुवर्षे घडवत असतात. रस्ते एका गटाने केलेले असतात, गाड्या दुसऱ्याने, पाऊस तिसऱ्याने, आणि हे सारे एकत्र आल्यावरच गाडी पावसात रस्त्यातून आरपार खाली पडते आहे हे लक्षात येते. हे दोष निस्तरण्यासाठी वेळ लागतो. तो न देता गेम बाजारात आणला तर काय होते, याचे उदाहरण पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’ने घालून दिले आहे. त्याची तारीख तीनदा पुढे गेली, १० डिसेंबर २०२० रोजी तो आला, आणि जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रांवर, तो इतका अडखळत होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरमधून काढून टाकला व ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो दुकानात परतला थेट जून २०२१ मध्ये. म्हणून गेम हातात येण्याआधी, निव्वळ झलक पाहून आगाऊ पैसे भरणाऱ्यांविषयी मला नेहमीच नवल वाटत आले आहे. डाउनलोड होणारी वस्तू काही संपत नाही. मग रांगेत पहिले उभे राहण्याची घाई कशासाठी?

तथापि उशीर सर्वांना सारख्याच अटींवर करता येत नाही. जीटीएची तारीख सरकली त्या दोन्ही वेळा रॉकस्टारची मालक कंपनी ‘टेक-टू’ हिच्या समभागांचा भाव खाली आला. तिथे तारीख म्हणजे गुंतवणूकदारांना दिलेला शब्द असतो. याच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट मला आज सांगायची आहे आणि, खरे सांगायचे तर, ती सांगायला मिळावी म्हणूनच मी हा विषय निवडला.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड या शहरात ‘टीम चेरी’ नावाची एक छोटीशी संस्था आहे. छोटीशी म्हणजे किती, तर तिचा गाभा तीन माणसांचा. अ‍ॅरी गिब्सन, विल्यम पेलन आणि जॅक व्हाइन. २०१४ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून वर्गणी मागितली आणि सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर गोळा झाले. त्यातून फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘हॉलो नाइट’ हा गेम तयार झाला. जमिनीखाली कीटकांचे एक उजाड राज्य, हाताने काढलेली चित्रे, आणि हातात खिळ्याएवढी तलवार घेतलेला एक मूक नायक. वर्गणीदारांना एक वचन दिले होते की, पुरेसे पैसे जमले तर ‘हॉर्नेट’ नावाचे दुसरे पात्र घेऊनही खेळता येईल. हे वचन पुरे करता करता त्याचा पसारा इतका वाढला की १४ फेब्रुवारी २०१९ रोजी टीम चेरीने जाहीर केले, हॉर्नेटचा स्वतंत्र गेमच येणार. त्याचे नाव ‘सिल्कसाँग’.

त्याच वर्षीच्या जून महिन्यात अमेरिकेतील एका मोठ्या प्रदर्शनात त्याचा नमुना लोकांना खेळायलाही मिळाला. आता वर्षभरात गेम येणार, असे सर्वांनी गृहीत धरले. वर्ष गेले. दुसरे गेले. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्स या कन्सोलच्या कार्यक्रमात सिल्कसाँग पुन्हा दिसला आणि येथे दाखवलेले सर्व गेम बारा महिन्यांच्या आत खेळायला मिळतील, असे सांगण्यात आले. ते बारा महिने पुरे होण्याआधीच, मे २०२३ मध्ये निरोप आला की गेम बराच मोठा झाला आहे, आम्हाला आणखी वेळ हवा. त्यानंतर जवळजवळ शांतताच.

या शांततेत चाहत्यांचे जे झाले, ते ऐकण्यासारखे आहे. प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाच्या आधी हे लोक स्वतःला विदूषकाचे नाक लावलेली चित्रे एकमेकांना पाठवू लागले. आपण पुन्हा फसणार आहोत हे त्यांना ठाऊक होते आणि तरीही ते रात्र जागवून कार्यक्रम पाहत. एका चाहत्याने तर ‘सिल्कसाँगची आजची बातमी’ देणारी यूट्यूब वाहिनीच चालवली आणि बहुतेक दिवशी बातमी एवढीच असे की आज काही बातमी नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये पेलन यांनी एक्सवरील आपल्या खात्याचे चित्र बदलले. नवे चित्र होते एका चॉकलेट केकचे. खाली लिहिले होते की काहीतरी मोठे येत आहे, उद्या डोळे घट्ट मिटून ठेवा. झाले! जगभरातील मंडळी त्या केकच्या मागे लागली. तो फोटो कोणत्या पाककृतीबरोबर छापला होता ते शोधले गेले आणि त्या पाककृतीवर २ एप्रिल ही तारीख सापडली. टीम चेरीच्या वतीने खुलासा करण्यात आला की बाबांनो, यात कोणतेही कोडे नाही. कोण ऐकतो? पुढे निन्टेन्डोने आपल्या ‘स्विच २’ या नव्या कन्सोलचा मोठा कार्यक्रम जाहीर केला आणि त्याची तारीख निघाली, श्रोतेहो, २ एप्रिल. त्या कार्यक्रमात सिल्कसाँग खरोखरच दिसला. अवघे काही क्षण, आणि सोबत फक्त वर्ष: २०२५.

अखेर २१ ऑगस्ट २०२५ रोजी घोषणा झाली की गेम दोनच आठवड्यांत, ४ सप्टेंबरला येणार. सहा वर्षे वाट पाहायला लावायची आणि मग पंधरा दिवसांची सूचना द्यायची! मोठ्या मंडळाची मिरवणूक येताना दिसली की लहान मंडळे आपला ट्रॅक्टर मुकाट्याने बाजूच्या गल्लीत वळवतात, तसे त्या पंधरवड्यात येऊ घातलेल्या लहान गेमच्या निर्मात्यांनी आपापल्या तारखा हलवल्या. ३ सप्टेंबरला येणारा ‘डेमनस्कूल’ थेट १९ नोव्हेंबरला गेला. ८ सप्टेंबरचा ‘बेबी स्टेप्स’ २३ तारखेवर गेला.

भारतात ती वेळ होती ४ सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळी साडेसात. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको की ते गणपतीचे दिवस होते आणि साडेसात ही आरतीची वेळ. आमच्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो. माझा पुतण्या, जो एरवी आरतीला हाक मारून बोलवावा लागतो, तो दुपारीच माझ्याकडे आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, “काका, आज आरती सातला घेऊ या का?” मी कारण विचारले, त्याने सांगितले, आणि माझ्या आईने आतल्या खोलीतून ते ऐकले. ती म्हणाली, “सहा वर्षं थांबलास ना त्या खेळासाठी? मग अर्धा तास आणखी थांब.” आरती साडेसातलाच झाली. झांजा मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने वाजत होत्या आणि ‘घालीन लोटांगण’ इतक्या चपळाईने आटोपलेले मी आजवर ऐकले नव्हते.

अर्थात घाई करूनही फार काही साधले नसते, कारण साडेसातच्या ठोक्याला जगभरातून इतके लोक एकाच वेळी खरेदीला धावले की स्टीमसह अनेक ऑनलाइन दुकाने काही काळ कोलमडली. वीस डॉलरचा गेम, तीन माणसांचा गाभा असलेली संस्था, आणि एकट्या स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा पाच लाखांच्या वर. गेम कसा आहे म्हणाल, तर सुंदर आहे आणि निर्दय आहे. पहिल्या गेममध्ये आपण खाली खाली उतरत होतो. यात हॉर्नेट सुई आणि रेशीम घेऊन वर वर चढते. दमलेल्या खेळाडूने बाकावर टेकायचे, म्हणजे तिथवरची प्रगती जतन होते, ही यातली मूळ व्यवस्था. पण काही बाकांवर बसण्यासाठी जपमाळेचे मणी मोजावे लागतात आणि एका अवघड टापूच्या अखेरीस जो बाक लागतो, त्यावर जीव मुठीत धरून बसावे तर तो सापळाच निघतो. माझा पुतण्या त्या बाकावर बसला तेव्हा मी शेजारी होतो. त्याचे उद्गार नभोवाणीवर सांगता येण्याजोगे नाहीत. अडचणीही निघाल्या. चिनी भाषेतील अनुवादावर तिथल्या खेळाडूंनी सडकून टीका केली आणि सुरुवातीचे काही टप्पे पुढे सुधारणा करून थोडे सौम्य करावे लागले.

आता मुद्दा असा की एवढा उशीर कशामुळे? एका मुलाखतीत निर्मात्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा होता की काम कधीच अडले नव्हते, ते आपले मजेत चित्रे काढत होते, नव्या कल्पना घालत होते. मजेत! हे त्यांना शक्य झाले, कारण पहिल्या हॉलो नाइटच्या तोवर दीड कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या आणि तारीख विचारायला दारात कोणी गुंतवणूकदार उभा नव्हता. पुन्हा सांगतो: पहिल्या गेमच्या कमाईने दुसऱ्या गेमचा उशीर विकत घेतला.

ज्यांच्याकडे अशी कमाई नसते त्यांचे काय, हे पाहायला दूर जाण्याची गरज नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने प्राचीन भारतात घडणारा ‘राजी’ हा गेम केला. सर्कशीतली एक मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ, आणि कथा सांगणारे दुर्गा व विष्णू. राजस्थानी वास्तुशैलीचे महाल आणि कथा सांगणाऱ्या छायाबाहुल्या यांमुळे तो जगभर नावाजला गेला. पण २०१७ मध्ये त्यांचीही किकस्टार्टर मोहीम झाली होती आणि तिचे उद्दिष्ट पुरे झाले नव्हते. गेम ऑगस्ट २०२० मध्ये आला, तेव्हा समीक्षकांची मुख्य तक्रार हीच होती की तो फार लवकर आणि तुटल्यासारखा संपतो. माझ्या मते ही तक्रार कल्पनाशक्तीच्या तुटीची नव्हतीच, ती तिजोरीची होती. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. पुण्यात घडलेल्या गेमला मराठी आवाज कधी मिळणार, हे मला विचारायचे असते, पण ते निर्मात्यांना विचारण्याआधी आपण मराठी माणसांनी अशा गेमवर किती पैसे खर्च केले, हेही विचारावे लागते. याच संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘राजी: कलियुग’ हा पुढचा गेम जाहीर केला आहे आणि माझ्यापुरते बोलायचे तर जीटीएइतकीच मला त्याची उत्सुकता आहे.

वेळ संपत आली, तेव्हा उरलेले झटपट सांगतो. जेम्स बाँडवरचा ‘००७ फर्स्ट लाइट’ २७ मार्च २०२६ वरून २७ मेवर गेला. ‘फेबल’ २०२५ वरून २०२६ मध्ये ढकलला गेला. सिल्कसाँगचा ‘सी ऑफ सॉरो’ हा मोठा विस्तारित भाग २०२६ मध्ये येणार असल्याचे जाहीर झाले आहे. तो विनामूल्य असेल; त्याचा महिना टीम चेरीने सांगितलेला नाही आणि यात कोणाला आश्चर्य वाटले असेल असे मला वाटत नाही.

आणि कन्सोल घेण्याच्या विचारात असलेल्या पालकांसाठी एक गोष्ट, दोनदा सांगण्याजोगी. जीटीए ६ साठी १९ नोव्हेंबर ही जी तारीख जाहीर झाली आहे, ती केवळ प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज या कन्सोलसाठी आहे. घरातल्या संगणकावर किंवा लॅपटॉपवर खेळण्याच्या आवृत्तीची घोषणा त्या तारखेबरोबर झालेली नाही. पुन्हा सांगतो, ती तारीख कन्सोलची आहे, संगणकाची नाही. तेव्हा मुलाने त्या नावाखाली नवे ग्राफिक्स कार्ड मागितले, तर आधी त्याला हे ऐकवावे. नमस्कार.