व्हिएन्नाची ७१ नंबरची ट्राम

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपला निघालेली मंडळी हल्ली घरटी एक तरी सापडते. त्यातल्या ज्यांना टूरच्या बसमध्ये कोंडून न घेता आपलं आपण फिरायचंय, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं. शहर व्हिएन्ना, ऑस्ट्रियाची राजधानी. टूरच्या बसचं आणि माझं कधी जमलंच नाही. शहर काचेपलीकडून सरकत जातं आणि घरी आल्यावर आठवते ती गाइडच्या माइकची खरखर! असो.

व्हिएन्नात मेट्रो आहे, ट्राम आहे, बस आहे. तिकीट मात्र एकच, तिन्हींना चालतं. मेट्रोला तिथे ऊ-बान म्हणतात. ती १९७८ साली रीतसर सुरू झाली. पुढे सहा नंबरची गाडी धावायला लागली, तरी पाच नंबरचा कितीतरी वर्षं पत्ता नव्हता. तेव्हा नकाशात आकडा गाळलेला दिसला, तर नकाशा फाटलाय असं समजू नका.

आता मुख्य गोष्ट. स्टेशनवर फाटक नाही, गाडीत कंडक्टर नाही. कागदी तिकीट घ्यायचं आणि निळ्या पेटीसारख्या यंत्रात सरकवून त्यावर शिक्का उमटवायचा. त्यात तारीख-वेळ येते. चोवीस तासांचं तिकीट असेल, तर त्या क्षणापासून चोवीस तास. शिक्का एकदाच मारायचा. पुन्हा सांगतो, एकदाच!

हे दोनदा का सांगितलं, तर माझी मामी. राहणार सांगली, उभं आयुष्य एसटीनं फिरलेली. व्हिएन्नात आम्ही बरोबर होतो. सकाळी तिनं विचारलं, "अरे, कंडक्टर कुठाय?" म्हटलं, नसतो इथे. ते काही तिला पटलं नाही. मूठभर सुटी नाणी घट्ट धरून ती दाराकडे बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "बरं, नसेल तर नसेल. त्याचं काम आपण करू." आणि तेव्हापासून ज्या गाडीत चढेल तिथे आधी त्या निळ्या पेटीपाशी. खट्! ट्राम बदलली, खट्! मी सांगून थकलो. "तुला काय कळतंय, पंच केलेलं बरं असतं," हे तिचं उत्तर.

दुपारी आम्ही ७१ नंबरच्या ट्राममध्ये बसलो. ही ट्राम शहराच्या मध्यातून निघून मध्यवर्ती स्मशानभूमीकडे जाते. १८७४ साली उघडलेली ही दफनभूमी, बेथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स असे थोर संगीतकार सगळे तिथे. दुसऱ्या महायुद्धात तर शवपेट्याही याच मार्गावरून ट्राममधून नेत. म्हणून कुणी वारलं की जुने व्हिएन्नाकर म्हणतात, "त्यानं ७१ पकडली." मी हे मामीला सांगितलं, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग आपण कशाला बसलोय हिच्यात?"

तेवढ्यात साध्या जॅकेटमधला एक माणूस समोर येऊन उभा राहिला. "फारशाइन, बिट्टे." म्हणजे तिकीट दाखवा. निघताना सगळ्यांनी मामीला पाकीटमारांची भीती घातलेली. तिनं पर्स पोटाशी आवळली आणि मराठीतच सुनावलं, "गणवेश कुठाय तुझा? आधी बिल्ला दाखव!" बिचाऱ्यानं खरंच बिल्ला काढला. मामीनं तो चष्मा लावून, उलटसुलट करून तपासला आणि मगच तिकीट हातात ठेवलं. तिकीट कसलं, शिक्क्यावर शिक्का बसून काळंनिळं झालेलं. त्यानं ते खिडकीच्या उजेडात धरलं, तिरकं केलं, नाकाजवळ नेलं. खालचा पहिला शिक्का सापडायला एक अख्खा स्टॉप गेला. मग मला इंग्रजीत विचारलं, कुठे चाललात? म्हटलं, स्मशानभूमीत, बेथोव्हेनला भेटायला. तिकीट परत देत, चेहरा जराही न हलवता तो म्हणाला, "काळजी नको. यावर बाईंना परतही येता येईल."

मी मराठीत सांगितल्यावर मामी इतकी हसली की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळली!

तर शिक्का एकदाच.

वेळ संपत आली, बाकीचं भराभर सांगतो. ट्रामचं दार आपोआप उघडेल म्हणून उभे राहू नका, बटण दाबा. गुडघ्यांचा त्रास असेल, तर खालच्या तळाच्या ट्राम बघून चढा, त्यातल्या काहींची पायरी रस्त्यापासून जेमतेम १८ सेंटीमीटरवर असते. हे आपल्याकडे का होत नाही, यावर मी तासभर बोलू शकतो, पण स्टुडिओतले काचेपलीकडून खुणा करतायत. ऊ-बानमध्ये खायला बंदी आहे, तेव्हा चिवड्याचं पुडकं फलाटावरच संपवा. ही बंदी मला मनापासून मान्य आहे, चिवड्याचा अपवाद करायला हवा होता, इतकंच.

आणि विमानतळ. तो शहराच्या तिकिटाच्या हद्दीबाहेर आहे. शहराचं तिकीट असलं तरी पुढच्या टप्प्याचं जादा तिकीट काढावं लागतं. सोळा मिनिटांत शहरात पोचवणारी महागडी खास गाडी आहे, तिच्या पाट्या तुम्हाला आधी दिसतील. त्याच मार्गावरची साधी लोकल, एस-७, थोडाच जास्त वेळ घेते आणि कितीतरी स्वस्त पडते. पाटी नीट शोधा. एस-७.

नमस्कार.