पांढरी पाच, काळी एक : ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम

(टेबलावर पेटी. भाता हलवत सुरुवात.)

नमस्कार मंडळी. रॉकचा व्हिडिओ आणि समोर पेटी, कारण आजच्या अल्बमची सुरुवात मला तुम्हाला पेटीवरच दाखवायची आहे.

ही पांढरी पाच. (वाजवतो) ही वरची पांढरी पाच. (वाजवतो) आणि ही, दोघींच्या बरोब्बर मधली, काळी एक. (दाबून धरून ठेवतो)

झालं. तीन सूर. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार. इंग्लंडमध्ये ब्लॅक सॅबथ या तिथल्याच चौघांच्या रॉक बँडचा पहिला अल्बम आला. अल्बमचं नाव ब्लॅक सॅबथ, पहिल्या गाण्याचंही नाव तेच. आधी पाऊस पडतो, लांब कुठेतरी घंटा वाजते, ढग गडगडतात, आणि मग गिटारवर हे तीन सूर येतात. हेवी मेटल, म्हणजे रॉकची जड, दणदणीत गिटारची शाखा, इथून सुरू झाली असं मानणारे खूप आहेत. मीही मानतो.

आता पांढरी पाचला सा धरा. काळी एक म्हणजे काय झाली? तीव्र मध्यम. आपल्याला हा सूर लहानपणापासून ओळखीचा. यमन शिकताना पहिल्याच महिन्यात भेटतो, आणि संध्याकाळ घेऊन येतो. युरोपात मात्र जुन्या संगीतशिक्षकांनी सापासून तीव्र मध्यमापर्यंतच्या याच अंतराला ‘संगीतातला सैतान’ म्हटलं. चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही जी गोष्ट सगळीकडे फिरते तिला भक्कम पुरावा नाही, ती सोडून द्या. पण सूर तोच असून आपल्याला गोड आणि त्यांना भयंकर का वाटावा? यमनात तीव्र मध्यम थांबत नाही. पंचमाकडे जातो, गंधारावर उतरतो, त्याला घर असतं. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याच्या गिटारवर तो तिथेच लटकत राहतो, थरथरतो, आणि पुन्हा खालचा सा येतो. सुटका नाहीच.

आणि लय ऐका! विलंबित. १९७० सालचा रॉक धावत होता, वेगाने वाजवणं म्हणजे तयारी असं समजलं जायचं. हे चौघे प्रत्येक सुरानंतर जागा सोडतात. गिटारची आस विरत जाते आणि त्या जागेत बिल वॉर्ड ड्रमवर काहीतरी कुजबुजतो. बिल जॅझ ऐकत वाढलेला माणूस, त्यामुळे ठोकत बसण्यापेक्षा भरणं आणि सोडणं त्याला कळतं. या अल्बममधला जडपणा मोठ्या आवाजाने आलाय असं लोक म्हणतात. मला तो या सोडलेल्या जागांमधून आलेला वाटतो. आवाज कमी करून ऐका, वजन तेवढंच राहतं.

ही कल्पना सुचली कशी, ते बँडचा बेस गिटारवादक गीझर बटलरने सांगितलंय. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ग्रहांवरची वाद्यवृंदरचना त्याला आवडायची. त्यातल्या मंगळाचा भाग तो बेसवर वाजवत बसला होता, आणि त्यानंतर आयोमी हे तीन सूर घेऊन आला. गीझर मुळात गिटारवाला, नंतर बेसकडे वळलेला. म्हणून तो आयोमीच्या रिफच्या, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरांच्या तुकड्याच्या, अंगाअंगाने चालतो. एकच गिटार असून भिंत उभी राहते, ती त्यामुळे.

आता आयोमीच्या बोटांविषयी. इथे मी थोडा थांबणार आहे.

बर्मिंगहॅममधला अ‍ॅस्टन भाग, कारखान्यांचा. चौघेही तिथलेच, कामगारांच्या घरातले. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७. बँडबरोबर बाहेर जायचं म्हणून नोकरी सोडलेली, तो शेवटचा दिवस. दुपारी परत जायची त्याची इच्छा नव्हती. आई म्हणाली, हाती घेतलेलं काम पुरं करून ये. त्या दिवशी त्याला नेहमीच्या नसलेल्या मशीनवर उभं केलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हातच हा.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. मग कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची. आगीत भाजल्यावर जँगो डाव्या हाताच्या दोनच बोटांनी सगळं वाजवायचा. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबल्या जाईनात, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. टोपणाखाली तार जाणवत नाही, फक्त कानावर भिस्त. भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक सूर, जमत नाहीत, तर दोन-तीन सुरांत काम भागवायचं. आज मेटल वाजवणारी धडधाकट बोटांची मुलं ज्या आकारांत हात ठेवतात, त्यातलं बरंच त्या टोपणांखाली घडलंय.

एक गैरसमज इथेच दूर करतो. तारा सैल करून सूर खाली उतरवणं, हे ते लोक १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून नियमाने करू लागले. पहिल्या अल्बममध्ये तारा नेहमीच्याच सुरात आहेत. तरी तो एवढा जड आहे.

रेकॉर्डिंग झालं १६ ऑक्टोबर १९६९ ला, लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत. चार ट्रॅकचं मशीन, निर्माता रॉजर बेन, आणि हातात जेमतेम एक दिवस. मैफलीत वाजवावं तसं सगळ्यांनी एकत्र वाजवलं, गायक ऑझी ऑस्बर्न बाजूच्या खोलीत उभा राहून सोबतच गायला. त्या दिवशी रेकॉर्ड केलेल्या पहिल्याच गाण्यानंतर आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, बंद पडला. त्याने जादा म्हणून आणलेली दुसरी गिटार, गिब्सन एसजी, उचलली. पुढे जन्मभर तीच त्याची ओळख झाली. हे एका दिवसात जमलं, कारण जर्मनीत हॅम्बर्गच्या स्टार क्लबमध्ये दिवसाला कितीतरी वेळा स्टेजवर चढून ही गाणी हातात मुरली होती. पाऊस आणि घंटा नंतर मिसळल्या, तेव्हा बँड तिथे नव्हता.

समीक्षकांनी अल्बम झोडपला. लोकांनी मात्र विकत घेतला: ब्रिटनमध्ये आठवा क्रमांक, अमेरिकेत तेविसावा.

पुढे काय झालं, ते त्याच पहिल्या गाण्यात ऐकू येतं. चार-साडेचार मिनिटं विलंबित चालल्यावर ते एकदम उधळतं, घोड्याच्या टापांसारखं. त्या टापा पुढे आयर्न मेडन या मेटल बँडकडे गेल्या. संथ भाग उचलून काहींनी अख्खी शाखाच काढली, डूम मेटल. सेंट व्हायटस, कँडलमास हे बँड त्या वाटेचे. २००६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सॅबथचं स्वागत करायला मेटॅलिका या मेटल बँडचे जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उलरिक उभे राहिले. आणि आपल्याकडे, मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाला जी पोरं डोकी हलवत उभी असायची, त्यांच्यातल्या अनेकांनी हा अल्बम ऐकलाही नसेल. पण समोरच्या गिटारमधून जे अंगावर येत होतं, त्याचं मूळ अ‍ॅस्टनमध्ये होतं.

५ जुलै २०२५. अ‍ॅस्टनचंच व्हिला पार्क मैदान. टोनी, गीझर, बिल आणि ऑझी, चौघे शेवटचे एकत्र आले. पार्किन्सन्समुळे ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. चार गाणी झाली. त्यांतलं ‘एन.आय.बी.’ हे लंडनच्या त्या एका दिवसातलं. २२ जुलैला ऑझी गेला.

हेडफोन लावा, दिवे घालवा, पहिलं गाणं सुरू करा. पाऊस पूर्ण ऐका, पुढे ढकलू नका.

(काळी एक दाबतो. आस विरेपर्यंत कॅमेरा चालू.)